‘मेझर अप’ म्हणजे नेमके काय : मापाला भरण्याची इंग्रजी रीत

काही वर्षांपूर्वी आमच्या गिरगावातील चाळीत राहणाऱ्या एका शेजाऱ्यांच्या मुलाला नोकरीच्या सहाव्या महिन्यात कार्यालयाकडून इंग्रजीत पत्र आले. त्यातील एकाच वाक्यावर सगळ्यांचे लक्ष खिळले होते : ‘युअर रिटन रिपोर्ट्स हॅव नॉट मेझर्ड अप टू द स्टँडर्ड एक्स्पेक्टेड अ‍ॅट धिस स्टेज.’ ‘मेझर’ म्हणजे माप घेणे आणि ‘अप’ म्हणजे वर, एवढे घरातील प्रत्येकाला ठाऊक होते. परंतु ‘वर माप घेतले नाही’ या शब्दांतून काहीच निष्पन्न होईना. शेवटी काकांनी ‘नॉट’ आणि ‘स्टँडर्ड’ या दोन शब्दांच्या आधाराने ‘मुलगा नोकरीला अपात्र ठरला’ असा अर्थ लावला आणि त्या रात्री त्या घरात कोणी जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरची मंडळी ते पत्र घेऊन माझ्याकडे आली. वाक्यात मुलाविषयी काहीच म्हटलेले नव्हते. त्याने लिहिलेले अहवाल, नोकरीच्या या टप्प्यावर ज्या दर्जाचे असावेत अशी अपेक्षा होती, त्या दर्जाला उतरलेले नाहीत, एवढेच त्यात लिहिले होते. या वाक्यप्रयोगाचा अर्थ शब्दकोशात एका ओळीत सापडतो, हे खरे आहे. पण तो कोणाविषयी, कोणत्या मापाशी ताडून आणि किती कठोरपणे बोलला जातो, हे त्या एका ओळीतून कळत नाही. मुंबईत शिकणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला तो सतत भेटतो, म्हणून तो समजून घेण्याची रीत येथे सविस्तर मांडत आहे.

प्रथम शब्दाला शब्द लावण्याचा प्रयत्न सोडून द्यावा. इंग्रजीत क्रियापदाला ‘अप’, ‘आउट’, ‘ऑफ’, ‘डाउन’ असा छोटा शब्द जोडून जो नवा अर्थ तयार होतो, त्याला फ्रेजल व्हर्ब म्हणतात. हा प्रकार परका वाटला, तरी त्याच्या जवळची सोय आपल्या भाषेत आहे. ‘ते पुस्तक त्याला देऊन टाक’ असे आपण म्हणतो, तेव्हा पुस्तक कोणी टाकत नाही. ‘तो बोलून गेला’ असे म्हणतो, तेव्हा तो कदाचित जागचा हललेलाही नसतो. ‘टाकणे’ आणि ‘जाणे’ या क्रियापदांचा मूळ अर्थ तेथे विरघळलेला असतो आणि मुख्य क्रिया पूर्ण झाली, सुटली किंवा हातून निसटली, अशी छटा तेवढी उरते. आपल्या संयुक्त क्रियापदांत दुसरे क्रियापद जे काम करते, तेच काम इंग्रजीत हे छोटे शब्द करतात, असे समजून वाचू लागले की निम्मी अडचण दूर होते.

आता ‘अप’ कोणती छटा देतो ते पाहावे. ‘फिल अप’ म्हणजे काठोकाठ भरणे आणि ‘ड्रिंक अप’ म्हणजे पेला रिकामा होईपर्यंत पिणे. ‘कॅच अप’ म्हणजे पुढे गेलेल्याला गाठणे आणि ‘कीप अप’ म्हणजे त्याच्या वेगाने चालत राहणे. पहिल्या जोडीत पूर्णतेची कल्पना आहे, तर दुसऱ्या जोडीत एखाद्या पातळीपर्यंत पोहोचण्याची. ‘मेझर अप’ मध्ये या दोन्ही कल्पना एकत्र आल्या आहेत : माप घेतले असता ठरलेल्या रेषेपर्यंत पुरे पोहोचणे.

येथे एक प्रश्न उरतो, आणि माझ्या मते साऱ्या विषयाची किल्ली त्यातच आहे. माप घेणारा तर दुसराच कोणी असतो. मग इंग्रजी वाक्यात अहवाल स्वतःच ‘मेझर अप’ कसे होतात? विद्यार्थ्यांचा गोंधळ बहुधा येथेच होतो आणि ते ‘द रिपोर्ट वॉज नॉट मेझर्ड अप’ असे कर्मणी वाक्य रचतात. यावर व्याकरणाचा नियम सांगण्याऐवजी मी त्यांना मंगलदास मार्केटातील कापडाच्या दुकानाची आठवण करून देतो. ताग्याच्या शेवटचा तुकडा दुकानदार मीटरपट्टीने मोजतो आणि सांगतो, ‘हा तुकडा पावणेदोन मीटर भरला.’ मोजले दुकानदाराने, भरला मात्र तुकडा. भाजीच्या तराजूतही तसेच घडते. ‘वांगी सव्वा किलो भरली’ असे आपण सहज म्हणतो आणि वांग्यांनी स्वतःचे वजन कसे केले, असा प्रश्न कोणाला पडत नाही. इंग्रजीत ‘द क्लॉथ मेझर्स टू मीटर्स’ हे वाक्य नेमके याच घडणीचे आहे. त्याच ‘मेझर’ला ‘अप’ जोडला की ‘मापाला पुरे भरणे’ हा अर्थ तयार होतो. ‘भरणे’ हे आपले क्रियापद डोळ्यांसमोर ठेवले की कर्मणी रचनेची चूक आपोआप टळते, कारण ‘तुकडा भरला गेला’ असे आपण कधीच म्हणत नाही.

हे नाते केवळ योगायोगाचे नाही. संस्कृतातील ‘मा’ म्हणजे मोजणे या धातूपासून माप, मान, मात्रा, परिमाण आणि प्रमाण हे शब्द आले. इंग्रजी ‘मेझर’ लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आला आणि त्याचे मूळही भाषाशास्त्रज्ञ त्याच प्राचीन भारोपीय धातूपर्यंत नेतात. ‘स्टँडर्ड’साठी आपण वापरतो तो ‘मानक’ हा शब्दही मापाच्याच घरातला आहे.

अर्थ मराठीत आणताना मात्र ‘मापाला भरणे’ सर्वत्र चालत नाही, कारण माणसाच्या गुणांविषयी बोलताना आपली भाषा तराजूकडून सोनाराच्या दुकानाकडे वळते. आपण म्हणतो, ‘तो कसोटीला उतरला.’ कसोटी म्हणजे सोने घासून पाहण्याचा काळा दगड, आणि ‘निकष’ या भारदस्त शब्दाचा मूळ अर्थही तोच. झवेरी बाजारातील जुने सराफ दागिना त्या दगडावर घासत, त्याशेजारी ज्ञात शुद्धतेच्या सोन्याची रेघ ओढत, वर आम्ल लावत आणि दोन्ही रेघांचा रंग ताडून कस ठरवत. आज हे काम बहुतांशी यंत्राने होते आणि ग्राहक दागिन्यावरील हॉलमार्क पाहतो. 22 कॅरेटच्या सोन्यावर 916 हा अंक असतो, म्हणजे हजार भागांपैकी 916 भाग शुद्ध सोने. भारतीय मानक ब्युरोचे हे चिन्ह 16 जून 2021 पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचे होत गेले. दगड असो वा यंत्र, शेजारी ठेवायला आधीच ठरलेले एक माप लागतेच, आणि ‘मेझर अप’ या प्रयोगातही ते नेहमी गृहीत असते.

कोणी विचारील की इंग्रजीत माणूस ‘अप’ म्हणजे वर जातो आणि मराठीत तोच ‘उतरतो’, हे कसे? येथे ‘उतरणे’ म्हणजे खाली येणे नव्हे. ‘फोटो छान उतरला’, ‘पोते वजनात दोन किलो कमी उतरले’ या वाक्यांतील ‘उतरणे’ म्हणजे प्रत्यक्षात जसे आहे तसे प्रकट होणे. कसोटीला उतरणे म्हणजे दगडावर खरे ठरणे. दिशा उलट दिसली, तरी आशय एकच आहे, म्हणून भाषांतर करताना ‘वर’ हा शब्द कोठे तरी यायलाच हवा, असा आग्रह धरू नये.

यानंतरची पायरी म्हणजे ‘टू’ शोधणे. चांगल्या शब्दकोशात हा प्रयोग ‘मेझर’ या शब्दाखाली, नोंदीच्या अखेरीस दिलेल्या फ्रेजल व्हर्बच्या यादीत सापडतो, आणि त्यापुढे कंसात ‘टू समथिंग’ किंवा ‘टू समबडी’ असे छापलेले असते. कंसाचा अर्थ असा की हा भाग वाक्यात येईल किंवा गाळलेला असेल. आला असेल, तर ‘टू’च्या पुढे असते ते माप, म्हणजे ठरलेला दर्जा, अपेक्षा, जबाबदारी किंवा पूर्वी ते काम करणारी व्यक्ती. ‘कॅन ही मेझर अप टू द जॉब?’ म्हणजे ‘हे काम त्याला पेलेल का?’ ‘द न्यू कोच हॅज टू मेझर अप टू हिज प्रिडिसेसर’ म्हणजे ‘नव्या प्रशिक्षकाला आपल्या आधीच्या प्रशिक्षकाची बरोबरी करावी लागणार आहे.’ पाहा, माप बदलले की मराठी क्रियापदही बदलते : दर्जाला उतरणे, काम पेलणे, माणसाची बरोबरी करणे, गरजेला पुरे पडणे. एकच ठोकळेबाज प्रतिशब्द पाठ करून ठेवण्यापेक्षा ‘कोणत्या मापाशी?’ हा प्रश्न दरवेळी विचारावा, आणि उत्तर मिळाले की योग्य मराठी शब्द बहुधा आपोआप सुचतो.

‘टू’ गाळलेला असेल, तर माप आधीच्या वाक्यात शोधावे. ‘वुई टेस्टेड फाइव्ह पंप्स. ओन्ली थ्री मेझर्ड अप.’ या दोन वाक्यांत माप म्हणजे ती चाचणी. मागेपुढे कोठेच माप दिलेले नसेल, तर लिहिणाऱ्याने मोघम लिहिले आहे असे समजावे आणि शक्य असल्यास त्यालाच विचारावे. हे विचारण्यात कमीपणा मुळीच नाही.

या प्रयोगाचा एक अगदी शब्दशः अर्थही आहे, आणि तो ब्रिटिश इंग्रजीत विशेष आढळतो. पडदे शिवणारा किंवा सुतार घरी येऊन खिडकीची लांबी-रुंदी टिपून घेतो, त्याला ‘मेझर अप’ म्हणतात. ओळखण्याची खूण सोपी आहे. या अर्थाच्या वाक्यात माप घेणारा माणूस हा कर्ता असतो आणि खिडकी हे कर्म. कर्म मधे घालून ‘मेझर द विंडो अप’ असेही म्हणता येते. दर्जाविषयीच्या अर्थात कर्म कधीच नसते. तेव्हा वाक्यात कर्म दिसले की दर्जाचा विचार सोडून मोजपट्टीचा करावा. सरकारी परिपत्रकांत आणि सूचनांत वारंवार दिसणारे ‘मेझर्स’ हे अनेकवचनी नाम आणखी वेगळे, त्याचा अर्थ उपाययोजना, आणि त्याचा येथे संबंध नाही.

‘लिव्ह अप टू’ हा या प्रयोगाचा सर्वांत जवळचा भाऊबंद, आणि दोघांची सर्रास अदलाबदल केली जाते. मला वाटते, त्यांच्यातील भेद मराठी वाचकाला फार सुंदर रीतीने कळू शकतो, कारण आपल्याकडे त्यासाठी ‘जागणे’ हे क्रियापद आहे. माणूस शब्दाला जागतो, नावाला जागतो, खाल्ल्या मिठाला जागतो. आधी काही तरी दिलेले असते, मिळालेले असते किंवा लोकांनी मानलेले असते, आणि त्याचे भान ठेवून पुढचे सारे वागणे होते. ‘लिव्ह अप टू’ मध्येही हाच आशय आहे, फक्त इंग्रजी माणूस त्या मापाबरहुकूम ‘जगतो’ आणि मराठी माणूस त्याला ‘जागतो’. म्हणून त्याच्या पुढे वचन, कीर्ती, नाव, आदर्श, अपेक्षा असे शब्द येतात. ‘द हॉटेल लिव्ह्ड अप टू इट्स रेप्युटेशन’ म्हणजे हॉटेलाने आपला लौकिक राखला. ‘मेझर अप’ मध्ये असे आधीचे वचन असावेच लागत नाही. आज तराजूत घातले आणि आज किती भरले, एवढेच तेथे पाहिले जाते. आणखी एक फरक रचनेचा आहे : ‘मेझर अप’ एकटे उभे राहू शकते, पण ‘लिव्ह अप टू’ मधला ‘टू’ आणि त्यापुढचा शब्द कधीही गाळता येत नाही. उच्चारात ‘लिव्ह’ ऱ्हस्व ठेवावा. तो दीर्घ झाला की ‘लीव्ह’ म्हणजे सोडून जाणे असा भलताच शब्द ऐकणाऱ्याच्या कानी पडतो.

मुंबईच्या कार्यालयांत मात्र या दोहोंपेक्षा ‘अप टू द मार्क’ अधिक ऐकू येते. मराठी बोलतानाही ‘काम अप टू द मार्क नाही’ असे आपण म्हणतोच. हे इंग्रजी योग्य आहे, फक्त ते क्रियापद नसल्यामुळे त्याच्यामागे ‘इज’, ‘वॉज’ किंवा ‘कम’ लागते. ‘अप टू स्क्रॅच’ ब्रिटिशांच्या बोलण्यात आढळते आणि त्याचे मूळ मुष्टियुद्धात आहे : जुन्या काळी आखाड्याच्या मध्यभागी एक रेघ ओढलेली असे, आणि लंडनमधील 1838 च्या नियमांप्रमाणे खाली पडलेल्या खेळाडूला 30 सेकंदांच्या विश्रांतीनंतर 8 सेकंदांत कोणाच्याही आधाराविना त्या रेघेपाशी येऊन उभे राहावे लागे. ‘अप टू पार’ मधला ‘पार’ म्हणजे समान. आपल्या धनादेशावर छापलेल्या ‘पेएबल अ‍ॅट पार’ मधला तोच तो शब्द. यांच्या उलट अर्थी ‘फॉल शॉर्ट ऑफ’ येते, आणि त्यासाठी आपल्याकडे ‘उणे पडणे’ किंवा ‘कमी पडणे’ हे चपखल शब्द तयार आहेत.

आता स्वराविषयी. ‘मेझर अप’ बहुतेक वेळा नकारात किंवा प्रश्नात येते, आणि म्हणूनच ते वाचताना मन धसकते. होकारार्थी वाक्ये होतात, पण तुलनेने कमी. हा प्रयोग नकारात वापरताना कर्ता कोण निवडला आहे, याकडे बारीक लक्ष द्यावे. ‘यू डोन्ट मेझर अप’ हे वाक्य संपूर्ण माणसाला तराजूत घालते आणि इंग्रजीतही ते मनाला लागणारे आहे. ‘धिस ड्राफ्ट डझंट मेझर अप’ हे वाक्य केवळ कागदाविषयी आहे. स्वतः लिहिताना दुसरी रीत पत्करावी, आणि वाचताना पहिली व दुसरी यांची गल्लत करू नये. काकांनी नेमकी तीच केली होती. मराठीत ‘अपात्र’, ‘नालायक’ हे शब्द माणसाला चिकटतात आणि सहजी सुटत नाहीत. ‘अहवाल अपेक्षेला उतरले नाहीत’ असे म्हटले की चर्चा अहवालांवर राहते.

चुकांपैकी काही अगदी नेहमीच्या आहेत. ‘अप’ आणि ‘टू’ हे दोन स्वतंत्र शब्द आहेत; आपल्याकडे ते जोडून लिहिण्याची सवय इतकी पसरली आहे की जोडलेले रूपच बरोबर वाटू लागते, पण प्रमाण इंग्रजीत ते सुटेच लिहिले जातात. ‘डिड नॉट’ नंतर क्रियापद मूळ रूपातच राहते, म्हणून ‘डिड नॉट मेझर्ड अप’ चूक. ‘मीट’ हे क्रियापद याच अर्थाने वापरले, तर त्याला ‘टू’ लागत नाही. ‘मीट द स्टँडर्ड’ एवढेच पुरते. ‘टू’च्या पुढे क्रिया आणायची झाल्यास तिचे ‘इंग’ने संपणारे रूप घ्यावे, आणि हाच नियम पत्राच्या शेवटी लिहिल्या जाणाऱ्या ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू’ लाही लागू आहे, जेथे मुंबईतील निम्मी पत्रे चुकतात असे मला माझ्या अनुभवावरून वाटते.

उच्चारासाठी थोडे कष्ट घ्यावेत. ‘मेझर’मधील मधला ध्वनी मराठी वर्णमालेत नाही. जीभ ‘श’च्या जागी ठेवून घशातून नाद काढला की तो साधतो, ‘प्लेझर’ आणि ‘ट्रेझर’मध्येही तोच आहे. त्याऐवजी सरळ ‘ज’ उच्चारला, तर ऐकणाऱ्याला सैन्यातला मेजर आठवण्याची शक्यता असते. आघात ‘मेझर’वर संपवू नये, ‘अप’वरही स्पष्ट द्यावा.

हा प्रयोग कोठे टाळावा, हेही जाणून घ्यायला हवे. निविदा, करारपत्रे, तांत्रिक प्रमाणपत्रे यांत ‘मेझर अप’ सैल वाटते. तेथे ‘कन्फॉर्म टू’ किंवा ‘कम्प्लाय विथ’ लिहावे, कारण तेथे माप अंकांत ठरलेले असते आणि वस्तू एक तर मानकानुसार असते किंवा नसते. मूल्यमापनाचे पत्र, परीक्षण, बातमी, बैठकीतील बोलणे ही ‘मेझर अप’ची खरी जागा आहे, कारण तेथे निर्णयात माणसाच्या पारखीचाही वाटा असतो.

त्या मुलाला मी एवढेच सुचवले की वरिष्ठांकडे जाऊन ‘स्टँडर्ड एक्स्पेक्टेड’ म्हणजे कोणते, हे नम्रपणे विचार. त्यांनी त्याला दोन जुने अहवाल काढून दिले. ते वाचल्यावर त्याच्या ध्यानात आले की आपण माहिती पुरेशी देतो, परंतु निष्कर्ष शेवटच्या पानावर ढकलतो, तर तेथे तो पहिल्या परिच्छेदात अपेक्षित आहे. पुढच्या सहामाहीच्या पत्रातील वाक्य त्याने स्वतःच मला वाचून दाखवले : ‘युअर रिपोर्ट्स हॅव मोअर दॅन मेझर्ड अप.’ ‘मोअर दॅन’ लागल्यावर मराठीत काय म्हणायचे, असे त्याने विचारले, तेव्हा काका आतल्या खोलीतून म्हणाले, ‘पुरून उरले.’